सासूबाईंच्या हाताला मुंग्या

सांगतो, पण एका अटीवर. चहा संपेपर्यंत मध्ये कुणी हसायचं नाही. कारण मी जे केलं ते अगदी मनापासून केलं होतं, आणि माणूस मनापासून काही करायला गेला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

माझी सासरवाडी रत्नागिरीत, मांडवीला. मी साताऱ्याचा, म्हणजे त्यांच्या भाषेत घाटावरचा. सासरे, अण्णा, आयुष्यभर समुद्रावर गेलेले. होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान. आता पडवीत बसून जाळी सांधतात. त्यांना जावई दर्यावरचा हवा होता, आणि मला तर साध्या तरणतलावातही धाप लागते. लग्नाला त्यांनी मला बरंच काही सुनावून शेवटी हो म्हटलं, पण त्यानंतर माझ्याशी सरळ बोलायचं नाव काढलं नाही. मी समोर बसलेला असायचो आणि ते सासूबाईंना विचारायचे, "जावयांना विचार, चाय घेतील काय?" मीही सासूबाईंकडे बघून सांगायचो, "घेईन म्हणावं."

तर झालं असं, की मासे साफ करताना सासूबाईंच्या तळहातात शिंगाळ्याचा काटा घुसला. हात भाकरीसारखा फुगला. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. उजवाच हात, त्यामुळे घरातलं सगळं अडलं. त्यात अण्णांचा खोकला. माझी बायको सुप्रिया शाळेत शिकवते, परीक्षा चालू, तिला रजा मिळेना. ती म्हणाली, "तुझं काय, लॅपटॉपवर कुठूनही काम चालतं." तेव्हा मी गेलो.

सासूबाईंचा गोळ्यांवर विश्वास होता, पण पुरता नव्हता. मागल्या दारी खुर्ची टाकून बसल्या आणि मला परसात पाठवलं. "ता बघा, कुंपनाला अडुळसा. ती तुळस. तिकडं कडुलिंब. आनि ती निगडी. निगडी, निगडी. ता आळू हाय, जावईबापू."

दोन पातेली चढवली. एकात अडुळसा, तुळस, सुंठ, ज्येष्ठमध आणि भरपूर गूळ, हे अण्णांना प्यायला. दुसऱ्यात कडुलिंब, निगडी म्हणजे आपली निर्गुंडी, हळद आणि तुरटी, हे सासूबाईंचा हात बुडवायला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मी दोन्ही गाळून, दोन-तीन दिवस पुरेल एवढं, दोन मोठ्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरलं. थर्मास सारखेच, जुळे भाऊ. म्हणून खुणेसाठी एकाला रबर लावलं.

मग ऑफिसचा फोन आला. तो संपवून परत आलो आणि विचार करत उभा राहिलो. रबर कुणाला? प्यायच्याला की बुडवायच्याला?

वास घ्यायचा ना, असं तुम्ही म्हणाल. अहो, सकाळभर त्या वाफेत उभा होतो मी. माझ्या नाकाला तोवर लॅपटॉपसुद्धा अडुळशाचा लागत होता. रंग म्हणाल तर दोन्ही काळपट. शेवटी डोकं चालवलं. रबर म्हणजे धोक्याची खूण, म्हणजे रबर बुडवायच्याला. आणि मनाला फार बरं वाटलं.

अण्णांना पेला नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. मग डोळे मिटून सगळा पेला रिकामा केला आणि जाळं पुढे ओढलं. मला इतकं भरून आलं, की संध्याकाळी मी पेला काठोकाठ भरला.

सासूबाईंचा हात मी घमेल्यात बुडवून धरायचो, वरून हळूहळू ओतायचो. त्या म्हणायच्या, "जरा चिकट लागता, न्हाय?" मी म्हणायचो, "औषध आहे ना आई, अंगात भिनायला हवं." मग मीच वर कापडाची पट्टी बांधायचो, गाठीचं फूल काढून.

असं चाललं होतं. आणि एके सकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो असताना मागल्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हाताला मुंग्या येतायत हो."

मी लॅपटॉप मिटला. हाताला मुंग्या म्हणजे शीर दबली, विष चढलं, काय वाटेल ते. मोबाइलवर शोधलं तर जे दिसलं ते वाचून माझ्याच हाताला मुंग्या आल्या. म्हटलं घाबरून चालणार नाही, नीट विचारून घेऊ.

"कधीपासून येतायत, आई?"

"पहाटेपासनं."

"सारख्या येतात?"

"झटकला की जातात. परत येतात."

"बोटांपर्यंतच?"

"न्हाय ओ, पार कोपरापर्यंत चढतात."

"एकदम येतात, की हळूहळू?"

"रांगेनं," त्या म्हणाल्या.

आता या ठिकाणी शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, इकडचा शब्द असेल. आपण कळ म्हणतो, लहर म्हणतो, रत्नागिरीत रांग म्हणत असतील.

मी पडवीत धावलो. "अण्णा, आईंचा हात बधिर होत चाललाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं." अण्णा उठले. सदरा उलटा घातला, बटणं आतल्या बाजूला. मी सुप्रियाला फोन केला. ती रडायला लागली आणि मिळेल त्या गाडीनं निघते म्हणाली. सासूबाई बिचाऱ्या म्हणत होत्या, "अवो, एवढ्यासाठी दवाखाना कशाला?" मला वाटलं, किती सोसतात या बायका. त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं.

रिक्षात अण्णांनी त्यांचा चांगला हात हातात घेतला. भर रस्त्यानं, लोक बघत असताना. सासूबाई म्हणाल्या, "सोडा, काय ता?" त्यांनी सोडला नाही. ते पाहून मला वाटलं, संपलं सगळं. माझ्या देखरेखीखाली हे झालं, आता मी सुप्रियाला काय तोंड दाखवू?

डॉक्टरीणबाईंनी सगळं माझ्याकडून ऐकलं, कारण मी दुसऱ्या कुणाला बोलूच दिलं नाही. त्यांनी सुई घेतली. बोटाला टोचली.

"काकू, हे कळतंय?"

"कळता तर."

"इथे?"

"आई गं. कळता ओ, कळता."

"मग मुंग्या येतात म्हणजे नक्की कुठे?"

"ह्या काय," असं म्हणून सासूबाईंनी हात पुढे केला.

पट्टीच्या कडेनं, मी काढलेल्या फुलावरून, तांबड्या मुंग्या चालल्या होत्या. रांगेनं.

बाईंनी पट्टी सोडली, नाकाशी नेली. "ज्येष्ठमध," त्या म्हणाल्या. परत हुंगली. "आणि गूळ. काकू, तुम्ही हात काढ्यात बुडवताय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आणि मग एकदम माझ्या डोक्यात आलं, की काढा जर इकडे गेला, तर तिकडे काय गेलं? मी हळूच अण्णांकडे मान वळवली. ते कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघत होते. सासूबाईंनी बाईंना दोन पातेल्यांचं, दोन थर्मासांचं सांगून टाकलं.

"हे थर्मास भरले कुणी?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मी. गफलत झाली माझी."

मग त्यांना जे ऐकावं लागलं, ते विचारू नका. जखम कोरडी ठेवायची असते, तुरटीचं पाणी प्यायचं नसतं, परसातला पाला म्हणून काही कसाही वापरायचा नसतो, त्यात आता तुमचं वय काय. अण्णा शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून उभे, सदरा अजून उलटाच. शेवटी बाई थोड्या निवळल्या. हात गोळ्यांनी छान भरून येत होता. अण्णांनाही तपासलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. "खोकला कसा आहे?" असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, "गेला. त्या चवीला कोन थांबेल?"

बाहेर आलो. सासूबाई रिक्षात बसल्या. मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"तुमी घाटावरनं आलेले," ते म्हणाले. मध्ये कुणी नाही, सरळ मला. "परक्या मानसानं आमच्या जावयाला बोलायचा म्हंजे काय?"

"पण तुम्हाला कडू नाही लागलं?"

"लागला ना. जीभ वळत नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णांनी सदऱ्याची आतली बटणं चाचपली. "म्हटला, लग्न ठरताना मी तुमाला काय काय बोललो होतो. ता उट्टा काढतायत. काढू दे एकदाचा."

"अहो, पण रोज दोन वेळा?"

"मी पन काय थोडा बोललो होतो काय?"

मला हसावं की काय ते कळेना. त्यांनाही कळत नसावं, कारण ते मिशीवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "चला. तुमाला चाय पाजतो." आणि खरंच, मला विचारून, बिनसाखरेचा घेता की साखरेचा हेसुद्धा मलाच विचारून, पाजला.

संध्याकाळी सुप्रिया रडवेली होऊन पोचली, तेव्हा तिची आई भात कालवून खात होती, डाव्या हातानं, आणि मी नि अण्णा पडवीत बसलो होतो. ते मला जाळ्याची गाठ शिकवत होते. मला येत नव्हती.

तेव्हापासून अण्णांचा मलाच फोन येतो, मुलीला नाही. गप्पा मारतात, भरती-ओहोटी सांगतात. पण त्या घरात आजारी म्हणून कुणी पडतच नाही. परवा बोलता बोलता पलीकडून चांगली सणसणीत शिंक आली, मागोमाग खोकल्याची उबळ.

मी म्हटलं, "अण्णा, सर्दी झाली का? येऊ का मी?"

"छे छे," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "ता शेजारी कोनतरी शिंकला. तुमी अजिबात येऊ नका."