पन्नास की नव्वद

दुबईतल्या अल क्वोजच्या त्या यार्डात क्रेन, डोझर, जनरेटर मिळून साठ-सत्तर यंत्रं होती, दोन इंजिनिअर होते, एक कॉम्प्युटर होता, आणि तरीही कुठलं तेल कुठल्या यंत्रात जाणार हे ठरायचं रामचंद्र घाडीच्या नाकावर. चौथी शिकलेला माणूस! मालवणजवळच्या खेड्यातनं एक्याण्णव साली आला, पहिली दोन वर्षं नुसते ड्रम ढकलले आणि मग कुणी कागदावर न लिहिताच यार्डाचा तेलवाला होऊन बसला.

ड्रमवरची ती इंग्रजी अक्षरं म्हणजे डोक्याला ताप. एसएई, एपीआय, ईपी, एटीएफ, जीएल-फाइव्ह. रामचंद्र एकेक अक्षर ओळखायचा, पण त्या अक्षरांच्या पोटात काय आहे ते त्याला सांगायला कोण बसलंय? पंधरा-डब्ल्यू-चाळीस. यातला डब्ल्यू कशाचा, असं त्यानं एकदा प्रकाश साहेबांना विचारलं. हे साहेब यार्डाचे इंजिनिअर, पुण्याचे, बायकामुलांसह अजमानला राहायचे आणि रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून यायचे. साहेब म्हणाले, "विंटर. थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा आकडा." बाहेर सत्तेचाळीस डिग्री ऊन, ड्रमला हात लावला तर चटका बसेल. "कसला विंटर हो साहेब," रामचंद्र म्हणाला, "ह्या मुलखात स्वेटर बघितलाय कुणी?"

खरी गोम मात्र पन्नास आणि नव्वदची होती. जुन्या क्रेनच्या इंजिनाला पन्नास नंबरचं तेल लागायचं, आणि गिअरच्या डब्यात नव्वद नंबरचं. आकडे बघून कुणालाही वाटेल, नव्वद म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. पण इंजिनाच्या तेलाची मोजपट्टी वेगळी आणि गिअरच्या तेलाची वेगळी. दोन्ही बोटांत चोळून बघा, फरक सांगता येणार नाही. फरक वासाचा. गिअरच्या तेलात गंधक असतो, त्याला नासक्या अंड्यासारखा बारीक वास येतो, पण डिझेलनं मुरलेल्या यार्डात तो सराईत नाकालाच कळतो. ते तेल इंजिनात गेलं तर आतली बेअरिंगं खाऊन टाकतं. आणि यार्डातली लेबलं तर उन्हानं दोन महिन्यांत पांढरीफटक पडायची. मग कुणीतरी हाक मारायचं, "चाचा, जरा सूंघ के बताओ." रामचंद्र बोट बुडवायचा, चोळायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "नब्बे है. ले जाओ." कधी चुकला नाही पठ्ठ्या.

हे नाक नव्याण्णवच्या जानेवारीत गेलं. अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत शटडाउनचं, म्हणजे ती बंद ठेवून दुरुस्तीचं काम होतं, तिथे त्याला आठ दिवस तापानं झोपवलं. ताप उतरला आणि तो कामगारांच्या कॅम्पवर परत आला. एका शुक्रवारी खोलीतली डाळ करपली. सगळे खोकत, आरडाओरडा करत बाहेर पळाले आणि हा आपला खाटेवर बसून नखं कापतोय. करपल्याचा वास त्याला आलाच नव्हता. मग त्यानं मुद्दाम बांगडा तळला. काही नाही. डिझेलच्या डब्यात तोंड घातलं. काही नाही.

सांगायचं कुणाला? पन्नाशीचा माणूस, नाक काढून घेतलं तर उरतो काय, ड्रम ढकलणारा गडी. त्यानं तोंड गप्प ठेवलं. गिअरचे ड्रम डाव्या रांगेत, इंजिनाचे उजव्या, अशी स्वतःच मांडणी केली, कुणाला हात लावू द्यायचा नाही. विचारलं की बोट चोळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि रांग बघून उत्तर द्यायचं. सोंगच ते, पण दोन वर्षांत एकही चूक नाही. रांग बघण्याआधीच कुणी ड्रम उचलून आणला, तरी यंत्र कधी बिघडलं नाही. रामचंद्रला वाटू लागलं, नाक गेलं तर गेलं, हाताला सगळं कळतं. आणि हे कळणारा हात अख्ख्या यार्डात एकच.

नाक गेलं त्याच वर्षी गावाहून ठकुबाईचा, त्याच्या बायकोचा फोन आला. काचबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. ठकुबाई कधी काही मागणारी बाई नव्हे. ती एवढंच म्हणाली, "माका दिसता आसा, तवसर एकदा येवन जावा."

तो म्हणाला, येतंय. त्या उन्हाळ्यात रजा लिहिली आणि स्वतःच मागे घेतली. उन्हाळ्यात मशिनं तापतात, तेलं भराभर बदलावी लागतात, दोन महिने दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? दोन हजार सालीही तेच. मुलगी समिधा फोनवर सांगायची, "बाबा, आयेचो उजवो डोळो गेलो." मग पुढे, "डावोव अर्धोच ऱ्हवलो." तो खोलीत येऊन पडायचा, छताकडे बघायचा, सकाळी उठून पुन्हा ड्रमपाशी. मी हललो तर इथे एखादं इंजिन जाईल, हे त्याला अगदी खरंच वाटायचं. आणि खरं सांगायचं तर, तसं वाटायला त्याला आवडायचंही. माणूस दमलेला असला तरी आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय एवढ्यावर ओढत राहतो. घरातलं त्यानं यार्डात कुणालाही सांगितलं नाही.

दोन हजार एकच्या जूनमध्ये यार्डात नवी शेड घालायचं निघालं. फोर्कलिफ्टवाल्यांनी रांगा उचलून जिथे जागा मिळाली तिथे ड्रम टेकवले. डावी-उजवी खलास! त्याच आठवड्यात जहूर हा पेशावरकडचा जुना मेकॅनिक ब्रेकडाउनसाठी रुवैसला गेला होता. जुन्या क्रेनचं तेल बदलायला हमदुल्ला नावाचा नवखा मेकॅनिक पोरगा आला आणि त्यानं अर्धा भरलेला, लेबल उडालेला ड्रम पुढे केला. रामचंद्रनं बोट चोळलं. हुंगल्यासारखं केलं. आजूबाजूला बघितलं, पण रांग कुठाय बघायला? "पचास है," तो म्हणाला. "डाल दो."

नवव्या दिवशी क्रेन साइटवर बंद पडली. इंजिन उघडलं तर बेअरिंगं काळी पडून झिजलेली. प्रकाश साहेबांनी तेलाचा नमुना लॅबला पाठवला. रिपोर्ट आला आणि त्यांनी रामचंद्रला केबिनमध्ये बोलावलं. हमदुल्ला आधीच तिथे मान खाली घालून उभा होता, आणि रुवैसहून परतलेला जहूर दाराशी.

"हे टीबीएन बघा," साहेब कागदावर बोट ठेवून म्हणाले. "आम्ल मारायची तेलाची ताकद. इंजिनाच्या तेलात दहाच्या आसपास असते, इथे शून्य. आणि गंधक भरपूर. गिअरचं तेल ओतलंय. हेड ऑफिस म्हणतंय, ओतणाऱ्याला घरी पाठवा."

"मैंने पूछ के डाला, साब," हमदुल्ला पुटपुटला. पण रामचंद्रकडे बोट दाखवलं नाही.

 रामचंद्रला एकदम फार थकवा आला, दहा वर्षांचा मिळून एका वेळी यावा तसा. तो न विचारता खुर्चीवर बसला.

"त्याला नका पाठवू साहेब. मी सांगितलं म्हणून त्यानं ओतलं. मला वास येत नाही. अडीच वर्षं झाली. तुम्हाला सगळ्यांना फसवलं मी."

कुणी दचकलं नाही. रामचंद्रनं वर बघितलं. साहेब पेनाचं टोपण काढत-लावत होते.

"माहीत आहे, रामभाऊ."

"काय माहीत आहे?"

"नाकाचं. जहूरनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

जहूर दारातनं पुढे आला. "चाचा, एक दिन आपने पेट्रोलवाले कपड़े से मुँह पोंछ लिया था. टपक रहा था पेट्रोल. आपको पता ही नहीं चला. तब मैं समझ गया." मग म्हणाला, "आपके बाद मैं सूंघ लेता था. हर ड्रम. गलत होता तो चुपचाप बदल देता था. बस इस बार मैं रुवैस में था."

"मीच म्हटलं, राहू दे," साहेब घाईनं म्हणाले. "तुमचं मन कशाला मोडायचं? नाक जहूरचं, नाव तुमचं, बिघडलं कुठे? आत्ताही काही बिघडत नाही. हेड ऑफिसला मी सांभाळतो, लेबल नव्हतं असं लिहितो. हमदुल्लाही राहील, तुम्हीही राहा."

रामचंद्र जहूरकडे बघत राहिला. याच जहूरला त्यानं दोन वर्षं येता-जाता शिव्या घातल्या होत्या, सारखा ड्रमपाशी घुटमळतो म्हणून.

"म्हणजे दोन वर्षं," तो म्हणाला, "मी नसतो तरी चाललं असतं."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे साहेब."

"अहो, पण तुम्ही स्वतःच दोनदा रजा मागे घेतलीत. आम्हाला वाटलं, तुम्हालाच जायचं नाहीये."

"बायकोचे डोळे चाललेत," रामचंद्र म्हणाला. इतक्या वर्षांत यार्डात हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडलं. "आता उजेड-अंधार तेवढा कळतो तिला. दोन वर्षांपूर्वी कुणी मला म्हटलं असतं ना, जा म्हाताऱ्या, तुझं काही काम नाही इथे, तर मी शिव्या दिल्या असत्या, रडलो असतो. पण गेलो असतो. तिला दिसलो असतो."

जहूरनं तोंडावरनं हात फिरवला. त्याला मराठी येत नव्हतं, पण त्याला कळलं असावं. रामचंद्रला त्याच्यावर रागवताही येईना. कुणावरच येईना. त्यानं चांगलंच केलं होतं, साहेबांनीही चांगलंच केलं होतं. "व्हिसा कॅन्सल करा साहेब," तो म्हणाला, "आणि त्या पोराला शिक्षा नको." मग उठून तो कॅन्टीनजवळच्या फोनकडे गेला.

समिधानं फोन उचलला आणि आईच्या हातात दिला.

"मी येतंय गो," रामचंद्र म्हणाला. "कायमचो."

"खरा?"

"खरा."

 मग ठकुबाईनं विचारलं, "केस पिकले काय वो तुमचे?"

तिनं त्याला शेवटचं बघून तीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात त्याच्या डोक्यावर एक केस काळा उरला नव्हता.

"नाय गो," तो म्हणाला. "तसेच आसत."