नववी ‘ब’चे पाच-पाच तारे

अंबादास सर अकरा वर्षं आमच्या मुलुंडच्या शाळेत भूमिती शिकवत होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे मे महिन्यात ते शाळेचे कुणी नसायचे आणि जूनमध्ये संस्थेला आठवण झाली की पुन्हा सर व्हायचे. हिंगोलीहून येऊन नाहूरला राहिलेल्या या माणसाला चिडलेलं कुणी पाहिलं नाही. चिडायलासुद्धा नोकरी कायम लागते, असं ते म्हणत.

गेल्या वर्षी नववी ‘ब’चा फळा काढून स्मार्ट बोर्ड बसवला. दिसायला झकास. फक्त पेन टेकवावं तिथून चार बोटं उजवीकडे रेघ उमटायची. कंपनीचा माणूस ‘येतो’ म्हणाला होता, तो अजून येतोच आहे. शेवटी सरांनी स्वतःचा हातच चार बोटं डावीकडे सरकवून घेतला. वीज गेली की वर्गाच्या दारावर खडूने वर्तुळ काढायचे. दार कुणी उघडलं की वर्तुळही बाहेर जायचं.

जानेवारीत संस्थेने मुलांची मतं मागवली. ‘बोर्डमुळे विषय समजतो का?’ पुढे पाच तारे. मधल्या सुट्टीत ऋतिकाने वर्गाचा ताबा घेतला.

“सगळ्यांनी पाच द्यायचे. कळलं ना?”

“ए, काहीही काय?” धवल म्हणाला. “बोर्ड फालतू आहे. शिकवतात सर.”

“मग लिही तसं! म्हणतील, सरांना बोर्ड चालवता येत नाही. जूनमध्ये सरांची वाट लागली, तर तू शिकवणार का प्रमेय?”

धवलने पाच तारे रंगवले. खाली लिहिलं, ‘बोर्डमुळे सगळं समजतं.’ बासष्ट मुलांनी तेच लिहिलं. एवढी एकी त्या वर्गात सहलीच्या वेळीही झाली नव्हती.

संस्थेचे कार्यवाह श्यामकांत फॉर्म वाचून भारावले. बोर्ड एवढं शिकवतोय, तर भूमितीच्या तासिका कशाला? दहावीला बोर्डातले तयार धडे लावायचं ठरलं. चालू-बंद करायला पीटीचे सर होतेच.

मुलं धावत कार्यवाहांकडे गेली, ‘बोर्ड नाही, सर शिकवतात’ म्हणाली. श्यामकांतांनी चष्मा वर केला. “तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?”

मुलं वर्गात परतली. शेवटच्या तासाला ऋतिका रडत सरांसमोर उभी राहिली. “सर, आमच्यामुळे झालं.”

“अगं, मलाही फॉर्म दिला होता,” सर म्हणाले. “मीही पाचच दिले. तासिकेवरचा माणूस चार देतो होय?”

जूनमध्ये संस्थेला त्यांची आठवण झाली नाही. दहावी ‘ब’मध्ये आता बोर्डातल्या बाई शिकवतात. दर पाच मिनिटांनी विचारतात, “समजलं का, मुलांनो?” तीन सेकंद थांबतात. मग पुढचं प्रमेय सुरू होतं.