दवात भिजलेली बाजरी

आश्विन वद्य पंचमी. गावाचा शेतसारा सहाशे चाळीस रुपये. हजर: गावचा मुखी म्हणजे पाटील, कापणी करणाऱ्या दोघी बायका आणि बडोद्याहून पीक अजमावायला आलेला सरकारी कारकून, म्हणजे मी.

धुके इतके दाट होते की बैल दिसत नव्हते, नुसत्या घंटा चालल्या होत्या. शेताच्या कडेचे टेकाड तरंगत असल्यासारखे वाटे. त्यावर खापऱ्या पडलेल्या, फुटकी जाती पडलेली.

"जुनं गाव इथंच होतं, राव," मुखी म्हणाला. "विहिरी खाऱ्या झाल्या. बाजरी दरसाल थोडी थोडी कमी येऊ लागली. लढाई नाही, आग नाही. एकेक घर उठून गेलं."

मी दारांच्या जागा शोधत हिंडलो. कुठेतरी दळण चालल्याचा भासही झाला.

यंदा नव्या गावातली नऊ घरे गाडे जुंपायच्या बेतात होती. पूर्ण सारा पडला तर ती जाणार, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचीही, हे मुखीने आधीच सांगितले होते.

रीत अशी: ठरलेला तुकडा कापायचा, झोडायचा, दाणे तोलायचे. त्या तुकड्यात चाळीस शेर म्हणजे सोळा आणे पीक. सहा आणे किंवा त्याखाली उतरले तर निम्मा सारा माफ. दाणे सतरा शेर भरले. पावणेसात आण्यांच्या थोडे वरच. मी लिहायला घेतले.

"राव, बाजरी तोललीत की धुकं?" मुखीने विचारले.

"काट्यात फरक नाही," मी म्हणालो.

"काट्यात नाही. मूठ भरून बघा."

"बडोद्यात दव पडत नसेल, मुखीकाका," एक बाई पदराआड हसली.

मूठ उघडली तर दाणे तळहाताला चिकटलेले. वाळवून तोलायचा नियम मला पाठ होता. सूर्यच दिसला नव्हता, त्यामुळे आठवला नाही. गोणपाटावर दाणे पसरून आम्ही बसलो. धुके विरले तसे टेकाड हळूहळू जमिनीवर आले.

दुपारी पुन्हा तोलले. पंधरा शेर, बरोबर सहा आणे. दोन शेर दव मी गावाच्या नावावर चढवत होतो.

नऊपैकी सात घरांनी बैल सोडले, दोन गेलीच. माघात मुखीने तीनशे वीस रुपये खजिन्यात भरले. दुपारपर्यंत खोळंबलेल्या दोघींना प्रत्येकी दोन आणे मी माझ्या पदरचे दिले.