साहेबांनी दंडावर केलेली चाचणी

आमच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर प्रयोग होत नाहीत, अशी पाटी दारावर आहे. ती लिहिणाऱ्याने आमच्या साहेबांचा विचार केलेला दिसत नाही.

पूर्वी गिनीपिगच्या पाठीवर रसायन चोपडून पुरळ उठतं का ते बघत. आता ते काम काचेतल्या पेशींवर होतं आणि ते करतात आमच्या आत्या. त्या इथे कुणाच्याच आत्या नाहीत. पण एकवीस वर्षं सगळ्यांच्या चुका काढल्यावर दुसरं नाव मिळत नाही. रसायनामुळे कातडीला ॲलर्जी होईल का, हे पाहायला तीन चाचण्या असतात. पहिल्या दोघींचं पटलं तर प्रश्न मिटला. नाही पटलं तर तिसरी निकाल देते. दोन जावांच्या भांडणात सासूने पडावं तसं, फक्त इथे तिसरी खरं बोलते.

मागे बाळांच्या मलमात घालायचा एक सुगंध तपासायला आला. पहिली चाचणी म्हणाली धोका आहे, दुसरी म्हणाली नाही, तिसरी म्हणाली आहे. गिऱ्हाईक जुनं, त्यामुळे साहेबांनी तिसरीला पुन्हा विचारायला लावलं. ती हट्टी निघाली. मग साहेबांनी ‘धोका नाही’ असा अहवाल स्वतःच टाइप करून आणला. त्यावर दोन सह्या लागतात. पहिली माझी, ती मी न वाचताच ठोकली. मला बढती हवी होती आणि कण्याचा तसा फारसा उपयोग होत नव्हता. दुसरी आत्यांची. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. सही नसेल तर महिनाअखेरीस घरी बसा, असं साहेबांनी सुनावलं.

वर, काचेतल्या पेशींना काय कळतं म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर बाही वर केली आणि तो सुगंध दंडावर चोळला. तीस वर्षं या धंद्यात मुरलेला माणूस! पुढे दोन आठवडे ते दिसेल त्याला दंड दाखवत फिरत होते, आखाड्यातून आल्यासारखे. शेवटी आत्यांच्या टेबलाशी आले.

“बघा, साधा डागही नाही. आता करा सही.”

आत्यांनी चष्मा पुसून दंड नीट पाहिला. मग त्या सुगंधाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

“साहेब, पहिल्या खेपेला कातडी नुसती ओळख करून घेते. भांडण पुढच्या खेपेला. आता त्याच जागी पुन्हा लावा, मग करते सही.”

हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते स्वतः हेच शिकवतात. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, बाही खाली ओढली आणि बटण लावलं.

“नको,” ते म्हणाले.

“आणि बाळाला रोज दोनदा?”

खरा अहवाल त्याच दुपारी गेला. आत्या अजून कामावर आहेत. नव्या अहवालावरही पहिली सही माझीच लागत होती. ती करताना मला लाज वाटली, पण या वेळी मी आधी वाचलं.