कोरा हात

मागच्या उन्हाळ्यापासून मी माझ्या हातावर अत्तर दाखवणं बंद केलं. साकोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, अन् अर्ध्या कपाटात अत्तर. बाई आली की आधी माझाच हात मागते. "पहिले तुमच्या हातावर लावून दाखवा न, ताई." मी म्हणते, हात तुमचा काढा. कोणाले राग येते, कोणी म्हणते ही आताशा भल्ली अकडू झाली. झाली तं झाली. पण माझ्या पाठीमागं माझी जाऊ सगळ्यांले सांगत फिरते, की पोरीच्या लग्नात आम्ही तिचं एवढं केलं तरी तिचं तोंड सुजलेलंच. म्हणून माझं तोंड काहून सुजलं, ते आता मीच सांगून टाकते.

अत्तराचा धंदा माझ्या नवऱ्याचा. लाकडी पेटी सायकलले बांधून तो आठवडी बाजार करायचा, कधी सानगडी, कधी अड्याळ. त्यानं मले पहिली गोष्ट शिकवली ती ही, की अत्तर बाटलीत हुंगून घ्यायचं नसते. बाटलीत सगळेच साळसूद. अंगावर गेलं की मग कोण कसं आहे ते समजते. तो गेल्यावर पेटी मी घेतली, अन् पेटीचं दुकान केलं. तेव्हापासून माझ्या डाव्या हाताची पाठ म्हणजे साकोलीतल्या बायांची नाक टेकायची जागा.

गुलाब घ्या. लावल्याबरोबर असा येते की दुकानभर त्याचाच कारभार. पण चुलीवरची भाजी शिजेपर्यंत त्याचा जोर संपून जाते. अन् ज्याच्या अंगाले घाम जास्त, त्याच्या हातावर तो आंबूस होते. मग ती बाई बाटली घेऊन वापस येते अन् म्हणते माल खराब दिला. आता तिच्या घामाले मी काय करू? मोगरा घरात चांगला, एसटीत वाईट. उन्हात त्यानं डोकं धरते. केवडा आधी नाकात टोचते, मग खिरीसारखा गोड होऊन बसते. म्हातारे लोक म्हणतात केवड्याच्या वासानं साप येते. माझ्या दुकानात साप काही आला नाही, माणसंच आली, अन् डसायचं ते त्यांनीच डसलं.

खस म्हणजे आपला वाळा. कूलरच्या ताटीचा वास सगळ्यांले ठाऊक आहे, पण हातावर तो आधी कडू अन् हिरवा लागते. मग थोड्या वेळानं तळ्याच्या काठचं गवत मुळासकट उपटल्यासारखा होते. हिन्याचं तं लोकांले समजतच नाही. लावलं की काढ्याचा वास. बाया तोंड वाकडं करतात, हात लांब धरतात. मी म्हणते, आता जा, बाजार करून या. बाजार करून येतात तेव्हा तोच हात नाकापासून हालत नाही, कारण तोपर्यंत हिना अंगाची ऊब धरून गोधडीसारखा मऊ झालेला असते. पण थांबायची दानत सगळ्यांत नसते.

अन् चंदन. चंदन सुरुवातीले बोलतच नाही. गिऱ्हाईक म्हणते, याले तं वासच नाही, पैसे घेता अन् तेल देता. त्याचं काम गुलाब-मोगरा थकून गेल्यावर सुरू होते. हळूहळू खालून वर येते, अन् मग आंघोळ करेपर्यंत अंग सोडत नाही. माझा नवरा स्वतःच्या अंगाले दुसरं काही लावतच नव्हता.

माझी एकुलती एक पोरगी. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माझा हात ओढायची, नाकाले लावायची अन् सांगायची, "आई, आज खस खपला." नाही तं, "आज कोणीच काही घेतलं नाही, नुसतेच हुंगून गेले." बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. तिचा बाप गेला तेव्हा ती लहान होती. बापाचा चेहरा तिले फोटोतला आठवते, पण चंदनाची बाटली उघडली की ती म्हणायची, बाबा आला. मग पोरगी मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी घरात पाय ठेवला की पहिले माझा हात हुंगायची. तिची ती खोडच होती.

नवऱ्यानं एक शिशी बाजूले काढून ठेवली होती. अस्सल चंदनाचं तेल, आता तसं पाहायलेही मिळत नाही. तो म्हणायचा, "हे पोरीच्या लग्नात. मांडवात येईल त्या प्रत्येकाच्या हातावर." तो गेला, शिशी राहिली. मी ती विकली नाही, कोणा गिऱ्हाइकाले दाखवलीही नाही. चंदनाचं बरं असते, जुनं झालं की अजून गोड होते.

पोरीचं लग्न अड्याळच्या घरी जुळलं. मांडव सानगडीले, माझ्या मोठ्या दिराच्या घरी पडला, कारण आंगण त्यांचं मोठं अन् भाऊबंद सगळे तिकडचे. लग्नाच्या आधी मी ती शिशी काढली अन् त्या चंदनात गुलाब मिळवला. मनात साधी गोष्ट होती. दारात हातावर पडलं की गुलाब बोलावा, लोकांले लग्नघरात आल्यासारखं वाटावं. मग अक्षदा, जेवणं होतात तोपर्यंत गुलाब उडून जावा, अन् पोरगी निघायच्या वेळेले सगळ्यांच्या हातावर तिच्या बापाचं चंदन वर यावं. तो नव्हता, पण तिले वाटे लावायले त्याचा वास तरी राहील. एवढंच मले त्या लग्नातून पाहिजे होतं. अन् त्यातला एक ठिपका माझ्या हातावर पाहिजे होता. मी हे पोरीलेही सांगून ठेवलं होतं. ती रडली अन् म्हणाली, आई, मी सगळ्यांचे हात हुंगीन.

चार दिवस आधी मी जावेले म्हटलं, "जाऊबाई, दारात अत्तर लावायले मी उभी राहते. माझं तं रोजचंच काम आहे."

"तू कायले उन्हात उभी राहते व," जाऊ म्हणाली. "तू पोरीची माय. तू आपली पोरीजवळ बस. दारातलं मी पाहून घेते."

किती मायेनं म्हणाली. ऐकणाऱ्याले वाटावं, जाऊ असावी तं अशी. पण मले समजलं. न समजायले मी काही काल लग्न होऊन आली नाही. मांडवाच्या दारात सवाष्ण लागते, कुंकवाचं ताट माझ्या हातात कोणी देणार नाही, हे मी आधीच गिळून बसली होती. पण अत्तराले नवरा कायले लागते? अत्तर पुरुषांले लावतात, लेकरांले लावतात, बँडवाल्यांलेही लावतात. तरी मी भांडली नाही. शिशी तिच्या हातात दिली अन् म्हटलं, बुचाच्या काडीनं फक्त टेकवा, हात चोळू देऊ नका, चोळलं की वास मोडते. ती म्हणाली, हाव, हाव, समजते मले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी माझा हात बेसन लावून धुतला. आमच्या धंद्यात नवं अत्तर कोऱ्या हातावर घ्यायचं असते. जुन्यावर नवं टाकलं की दोघांचंही वाटोळं होते. माझ्या हातावर रोजची इतकी अत्तरं मुरली होती की एकदा धुवून भागलं नाही, वापस बेसन घ्यावं लागलं, मग लिंबाची फोड. शेवटी हुंगून पाहिलं तं नुसता हाताचा वास. इतक्या वर्षांत माझा हात मले पहिल्यांदाच असा कोरा मिळाला, अन् सांगायले लाज कायची, मले आनंद झाला. नव्या लुगड्याची घडी मोडताना होते तसा.

वऱ्हाड यायच्या आधी घरच्या बाया मांडवाच्या दाराशी ओळीनं उभ्या राहिल्या. मीही पोरीजवळून उठून आली, ओळीत उभी राहिली. जाऊ ताट घेऊन एकेकीसमोर येऊन राहिली होती. कुंकू, मग हातावर अत्तर, मागून तिची सून गुलाबपाणी शिंपडत होती. नणंदेले लावलं, चुलतसासूले लावलं, शेजारणीले लावलं. गुलाब सुटला होता, जसा मी योजला होता तसाच. मग ती माझ्यासमोर आली. कुंकवाचं बोट तिनं ताटातच ठेवलं, ते ठीक आहे. मी हात पुढं केला. धुतलेला, कोरा हात, पाठ वर करून.

जावेनं बुचाची काडी उचलली, माझ्या हाताकडं पाहिलं अन् हसली. "तुले काय व," ती म्हणाली, "तुह्या हाताले तं रोजच असते."

अन् पुढच्या बाईकडं गेली.

बाया हसल्या. हसण्यासारखंच बोलली न ती. कोणी म्हणालं, "खरंच हो, अत्तरवालीले अत्तर कायले?" हसणाऱ्यांत दोघीजणी साकोलीच्या होत्या, माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक. दुकानात माझा हात धरून डोळे मिटून हुंगतात त्या. दुकानात माझा हात चालते, मांडवात नाही चालत. विधवा हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तं मले उत्तर देता आलं असतं. मस्करीले काय उत्तर देता? मी हात वापस घेतला अन् पदराखाली ठेवला.

मनात आलं, ताट उडवून द्यावं. शिशी हिसकून घ्यावी अन् म्हणावं, माझ्या नवऱ्याची आहे, तुमच्या बापाची नाही. पण वऱ्हाड रस्त्यावर येऊन ठेपलं होतं, बँडचा आवाज येऊन राहिला होता. पोरीच्या मायनं त्या दिवशी तोंड उघडलं तं त्याची झळ मायले नाही लागत, पोरीले लागते, अन् ती जन्मभर लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी उभ्या उभ्या खाल्ला. मग व्याह्यांले हसून नमस्कारही केला.

माझी बहीण मले नंतर म्हणाली, "तुझंच अत्तर होतं न, घ्यायचं होतं बोटभर लावून." तिले काय सांगू? मांडवातलं अत्तर आपलं आपण लावायचं नसते. ते दुसऱ्या कोणी लावून द्यायचं असते. तू आमच्यातली आहेस, हे तोंडानं म्हणायच्या ऐवजी हातावर टेकवून सांगतात. आपणच लावून घेतलं तं मग ते नुसतं तेल. अन् लावायचं म्हटलं तरी वऱ्हाड आत येईपर्यंत शिशी रिकामी झाली होती.

अक्षदा पडल्या, पंगती बसल्या. मी वाढत फिरत होती अन् अत्तर आपलं काम करत होतं. पहिल्या पंगतीले गुलाब अजून होता, जिलेबीच्या वासातूनही समजत होता. दुसऱ्या पंगतीपर्यंत तो खचला. मग ज्या ज्या बाईजवळ वाकावं तिच्या हातावरून चंदन यायले लागलं, जसं मी योजलं होतं तसंच. एक म्हातारी हात हुंगून म्हणाली, "मघाचा गुलाब कुठं गेला बाप्पा? हे तं चंदन निघालं. कोणाचं आहे हे अत्तर?"

माझ्या हातात भाताचं घमेलं होतं. मी तोंड उघडणार, तोच जाऊ मागून म्हणाली, "घरचंच आहे, आजी."

घरचंच. मी भात वाढला अन् पुढं गेली.

दिवस कलला, गाडी दाराशी लागली. पोरगी एकेकीच्या गळ्यात पडून रडत होती. काकू, आत्या, चुलतआजी, प्रत्येकीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, अन् प्रत्येक हातावर तिचा बाप होता. ती खरंच हुंगत होती. मी पाहत होती, प्रत्येक हात ती गालाशी क्षणभर जास्त धरून ठेवत होती. मी सगळ्यांत शेवटी उभी होती, माय म्हणून.

माझ्याजवळ आली. गळ्यात पडली नाही. पहिले तिनं पदराखालून माझा डावा हात काढला, पाठ वर केली अन् नाकाले लावली, शाळेतून आल्यासारखी. मग उजवा हात घेतला, तोही हुंगला. वापस डावा.

"आई," ती हळूच म्हणाली, "सगळ्यांच्या हाताले बाबाचं चंदन आहे. तुझ्याच हाताले काहून नाही?"

जाऊ तिच्या मागेच उभी होती. तिनं ऐकलं, अन् नवरीच्या शालूचा पदर नीट करायले लागली. तो नीटच होता.

मी म्हटलं, "आज दुकान बंद आहे न, बेटा."