काचेच्या तळाची होडी

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. देवासला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, प्रयोगात दिसेल तेच मानायचं ही सवय. तरी हे लिहितेय, कारण घरात कुणाला सांगवत नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, धारचे. चाळीस वर्षं त्यांनी जीपमधून लोकांना मांडू दाखवलं. जहाज महाल, रूपमतीचा मंडप... सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र कुठे गेले नाहीत. जीप विकल्यावर एकच ध्यास — अंदमान. तिथे काचेच्या तळाची होडी असते, बसल्या जागी समुद्राखालचं पोवळं दिसतं, असं कुणा टूरिस्टने त्यांना सांगितलं होतं. "एकदा आपण पण टूरिस्ट होऊन बघू, बाई," म्हणायचे.

मी दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा रद्द केली. एकदा परीक्षा, एकदा कॉलेजचं इन्स्पेक्शन. "पुढच्या वर्षी नक्की, नाना."

मागच्या श्रावणात नाना गेले. हार्ट अटॅक.

जानेवारीत मी एकटीच गेले. नील बेट, भरतपूर बीच, सकाळचे दहा. होडीवाला साठीचा बंगाली माणूस. मी कडेला बसायला लागले, तर म्हणाला, "मैडम, आप बीच में बैठिए. आपको चक्कर आता है ना."

मला लहानपणापासून गाडी लागते, खरंय. पण मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

"आपको किसने बोला?"

"आपके बाबूजी ने. परसों आए थे. बोले, मेरी बेटी आएगी देवास से, उसको बीच में बिठाना."

मी फोनमधला नानांचा फोटो दाखवला. त्याने चष्मा वर करून नीट पाहिला.

"हाँ, यही. बहुत बात किया. बोले, भिया, मैं भी दिखाने का काम करता था, आज देखने आया हूँ."

'भिया'... 'भाऊ' म्हणायची ही आमच्या माळव्याची तऱ्हा. अंदमानात हा शब्द कोण बोलतं?

त्या फेरीत काचेखाली काय दिसलं, मला आठवत नाही. किनाऱ्यावर आल्यावर होडीत बसणाऱ्यांच्या नावांचं रजिस्टर पाहिलं. परवाच्या पानावर नानांचं नाव नव्हतं. माझ्या हॉटेलात, एजंटकडे विचारलं. मला चक्कर येते, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सगळ्या शक्यता तपासल्या. आजही माझ्याकडे उत्तर नाही... आणि खरं सांगू, आता मी ते शोधतही नाही. छळतं ते वेगळंच.

निघण्यापूर्वी मी परत त्या होडीवाल्याकडे गेले होते. विचारलं, "उन्होंने ठीक से देखा?"

"खूब देखा. काँच पर झुककर बैठे रहे."

"साथ में कौन था?"

तो दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "कोई नहीं. हमने पूछा भी. बोले, बेटी को छुट्टी नहीं मिली."

मी तिथेच वाळूत बसले. माझी परतीची बोट सुटली, तरी उठवेना.