मोझांबिकच्या इंजिनाचं लिंबू

बॅच संपली की आमचे पाहुणे सामान बांधून निघतात. बनारसी साड्या नेतात, पितळेची भांडी नेतात, एकाने तर डब्यात भरून गंगेची वाळू नेली. किस्से तेवढे इथेच टाकून जातात. ते जपून ठेवायचं काम बहुधा माझ्याकडेच आहे, कारण सेंटरचं ऑफिस मी बघते आणि दुपारच्या चहाला ऐकणारे कोणी ना कोणी असतातच.

आमचं ट्रेनिंग सेंटर बनारस शहराबाहेर आहे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर आपटे सरांनी ते काढलं. सरांच्या घरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गंगेच्या अमृतराव घाटावर पूजा सांगायचे, सर मात्र डिझेल इंजिनाच्या मागे लागले. आता आपल्याकडची इंजिनं आफ्रिकेत जातात, आणि ती चालवायला, दुरुस्त करायला तिकडचे लोक आमच्याकडे शिकतात. एके काळी आपण शिकायला बाहेर जायचो. आता लोक बनारसला येतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

यातल्या सगळ्यात लाडक्या बॅचचे हे किस्से. ती बॅच मोझांबिकची होती आणि तिची लीडर सेलेस्ते. सडपातळ, कमी बोलणारी इंजिनिअर. तिकडे तिच्या रेल्वेच्या दुरुस्ती शेडमध्ये इंजिन बिघडलं की युरोपातल्या एका कंपनीचा माणूस विमानाने येईपर्यंत गाडी जागेवर उभी. या खेपेला तिने वरिष्ठांना शब्द दिला होता, की नवी इंजिनं आमचीच माणसं सांभाळतील. जमलं तर शेड तिच्या ताब्यात. नाही जमलं तर कंपनीचं कंत्राट पुन्हा चालू, आणि सेलेस्ते पुन्हा आपल्या जुन्या कामावर, तिकिटं तपासायला!

* * *

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, काही शंका? आमच्याकडे या प्रश्नावर सगळे माना खाली घालतात आणि सर खूश होऊन लेक्चर संपवतात. सेलेस्तेने हात वर केला. तुम्हाला हे कोणी शिकवलं, म्हणाली.

सर म्हणाले, मी नोकरीला लागलो तेव्हा परदेशी कंपनीचे लोक शिकवायला आले होते.

"मग ते गेले कधी?"

सर जरा हसले. "गरज होती तोवर आम्ही चहाचे कप घेऊन त्यांच्या मागे फिरायचो. एक दिवस कामाच्या नादात चहा विचारायचाच राहिला. त्याच आठवड्यात त्यांनी बॅगा भरल्या."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सेलेस्तेने मला चहा आणून दिला, रामदुलार खानसाम्याला दिला, सरांना मात्र विचारलंच नाही. मी खुणेनेच विचारलं, हे काय? तर म्हणाली, "आतापासून सवय करतेय."

सर दिवसभर हा किस्सा सगळ्यांना सांगत फिरले.

* * *

मग दिल्लीहून एक साहेब फोटोग्राफर घेऊन आले. दोन देशांच्या मैत्रीचा फोटो हवा होता. सगळ्यांनी टाय लावून इंजिनासमोर ओळीने उभं राहायचं, असा त्यांचा बेत.

पण त्या सकाळी इंजिनात तेल गळत होतं आणि अख्खी बॅच खाली शिरलेली. मी हाका मारमारून थकले. आतून एकच उत्तर यायचं, गळती सापडली की येतो. साहेबांना तर विमान पकडायचं होतं. शेवटी इंजिनाखालून बाहेर आलेल्या बुटांचाच फोटो निघाला.

तो फोटो आम्ही फ्रेम करून ऑफिसात लावला आहे. बघायला येणाऱ्यांना मी सांगते, डावीकडून तिसरी जोडी सेलेस्तेची.

* * *

गणपतीत मी सेलेस्तेला घरी बोलावलं. सासूबाई मोदकांसाठी नारळ खवत होत्या. त्यांना मराठी आणि बनारसी हिंदी सोडून काही येत नाही, म्हणून त्या नुसत्याच हसल्या. सेलेस्ते थोडा वेळ बघत राहिली. मग तिने सासूबाईंना हळूच उठवलं, खवणीवर स्वतः बैठक मारली आणि बघता बघता परात भरली. तिच्या गावी सगळीकडे नारळाची झाडं, आणि आजीकडे अगदी अशीच बसायची खवणी.

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "क्या बात है! अगं, हिला तुम्ही लोक शिकवता तरी काय?"

* * *

इंजिन रवाना व्हायचं होतं त्या दिवशी सरांनी नेहमीप्रमाणे घाटावरून नारळ आणि लिंबं आणली. नारळ फोडला आणि चाकापुढे लिंबू ठेवायला निघाले, तर सेलेस्तेने विचारलं, कोणत्या चाकापासून सुरुवात करायची?

सर ओशाळले. म्हणाले, "हे सिलॅबसमधलं नाही गं. असंच करतात, बस."

तिने लिंबं मागून घेतली. प्रत्येक चाकापाशी उकिडवी बसली आणि इतका वेळ लावला, की उन्हात उभे असलेले सर वैतागले. शेवटी हात झटकत उठली आणि म्हणाली, "चांगली पद्धत आहे. वाकावं लागतं."

* * *

पुढच्या वर्षी ते इंजिन तिकडे पहिल्यांदा धावणार होतं, म्हणून सरांना आणि मला बोलावणं आलं. स्टेशनवर मंत्री, बँड, शाळेची मुलं. सावलीत युरोपातल्या कंपनीचे दोघे जण कंत्राटाचे कागद घेऊन बसलेले. आज इंजिन अडलं असतं, तर सह्या तिथेच झाल्या असत्या.

इंजिन सुरू करायचा मान सरांना होता. ते शिडीवर पाय ठेवणार, तेवढ्यात सेलेस्ते लिंबांची टोपली घेऊन आडवी आली. त्यांच्या शेडचा नियम होता, जो आधी चढणार त्याने लिंबं ठेवायची.

सर माझ्याकडे बघून मराठीत पुटपुटले, "माझे गुडघे, वैशाली." पण मंत्री बघत होते, म्हणून वाकले. एकेका चाकापाशी थांबत पलीकडच्या बाजूला गेले आणि शेवटच्या चाकापाशी गेले ते उठेचनात. मी धावले. चाकापुढे लाकडी ठोकळा तसाच होता. इंजिन घरंगळू नये म्हणून सकाळी सरांनीच तो लावायला सांगितला होता, आणि काढायला सांगायचं विसरले होते.

सरांनी ठोकळा ओढून काढला, माझ्या पिशवीत कोंबला आणि त्याच जागी लिंबू ठेवलं. सेलेस्ते तेवढा वेळ सिग्नलकडे बघत उभी होती.

इंजिन निघालं. फाटकापर्यंत गेलं, डबे घेऊन परत आलं. मुलं ओरडत होती. सावलीतल्या दोघांनी कागद बॅगेत घातले.

मग चहा आला. सेलेस्तेने ट्रे स्वतःच्या हातात घेतला. मंत्र्यांना चहा विचारला, बँडवाल्यांना विचारला, त्या कंपनीच्या दोघांना विचारला, मला विचारला. आपटे सरांसमोर आली, क्षणभर थांबली आणि काही न विचारता पुढे गेली.

सरांनी खिशातून रुमाल काढला.